‘एकल’ हा शब्द मी गाळला

कचेरीत मला ‘पसंतीबाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण मी खोलीबाहेर पडले की हमखास. लग्नाआधी पाच स्थळांनी मला ‘पसंत नाही’ असं कळवलं होतं, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर नाव बदललं नसतं, हसू तेवढं जरा मोठं झालं असतं.

नाव पडलं ते कामावरून. मी नाशिकला निवडणूक शाखेत कारकून म्हणून लागले तेव्हा सत्तरीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. शाखेत बाई मी एकटीच. निवडणूक म्हणजे लोकांना वाटतं शिक्का. शिक्का मारा, घडी घाला, पेटीत टाका, बोटाला शाई लावून घरी जा. पण काही निवडणुका आकड्यांच्या असतात. मतदारानं शिक्का मारायचा नाही, नावांपुढे आकडे लिहायचे. सगळ्यांत हवा त्याच्यापुढे एक, तो नाही जमला तर दोन, तोही नाही तर तीन. याला म्हणायचं पसंतीक्रम. मोजणीही शिक्क्यासारखी सरळ नाही. गठ्ठे फोडायचे, पुन्हा बांधायचे, एका खणातून दुसऱ्या खणात टाकायचे. शाखेतल्या पुरुषांना या कामाचा भारी कंटाळा. मी घोटीची. वडील भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. तांदळातले खडे वेचण्यात लहानपण गेलं असल्यामुळे किचकट कामाचं मला वावडं नव्हतं. साहेबांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, “बघा बाई, तुम्हाला कळतंय का.” मला कळलं. ते कळलं हीच माझी चूक झाली, कारण निवृत्त होईपर्यंत ते काम माझ्या गळ्यातून निघालं नाही.

आता लोकांना वाटेल, आकडे लिहायचे तर शिकलेल्यांना सोपं जात असेल. छे! शिक्षकांच्या निवडणुकीइतकी बाद मतं मी दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत पाहिली नाहीत. मास्तर माणसाच्या हातात कागद आला की तो तपासायलाच लागतो. कुणी नावापुढे बरोबरची खूण केलेली, कुणी नको त्या नावावर फुली मारून खाली सही ठोकलेली. एकानं चक्क सगळ्या उमेदवारांना गुण दिले होते आणि त्यातले सर्वांत जास्त पस्तीस. हा गृहस्थ नक्की गणिताचा असणार. आणखी एकानं एका नावापुढे ‘पत्रिका जुळते’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. कागदाचं नाव मतपत्रिका आणि वर त्याला पसंती विचारलेली, मग त्याला तरी दोष कसा द्यायचा?

मी हे सगळं घरी हसून हसून सांगत होते, तर आमचे हे गप्प. हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “काही नाही. मीही बरोबरची खूण करून आलो.” म्हणजे बायको पसंतीबाई आणि नवऱ्याचं मत बाद. त्या रात्री भाकरी जरा करपली, ती मुद्दाम नव्हे.

या शिक्षकांच्या निवडणुकीत जागा एकच असायची. एका जागेची मोजणी समजायला सोपी. सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या मोजायच्या. कुणाला निम्म्याहून जास्त मिळाल्या तर काम संपलं. नाही मिळाल्या तर सर्वांत शेवटच्याला बाहेर काढायचं आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याची असेल त्याला ती मतं द्यायची. पुन्हा शेवटचा बाहेर. असं करत करत कुणीतरी निम्म्याच्या वर जातो. एकदा एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर पहिल्या मोजणीत सगळ्यांच्या पुढे होते. त्यांची माणसं लगेच गुलाल आणायला बाजारात पळाली. पण हेडमास्तरांवर प्रेम करणारे जितके कडवे, तितकेच त्यांच्या नावानं बोटं मोडणारेही. बाकीच्यांची दुसरी पसंती त्यांच्याकडे वळेना. गुलालाची पोती घेऊन मंडळी परतली तोवर दुसराच माणूस निवडून आला होता. दुकानदार गुलाल परत घेईना, म्हणून शेवटी त्यांनी तो निवडून आलेल्याच्या अंगावर उधळला आणि वर त्याच्याच पेढ्यांवर हात मारला. एका खुर्चीसाठी ही पद्धत मला फार आवडायची. सगळ्यांचा लाडका नसला तरी जास्तीत जास्त लोकांना चालणारा माणूस निवडून येतो. माझंही लग्न असंच जमलं म्हणायचं. मी यांची तिसरी पसंती होते, हे यांनीच सांगितलंय. मी म्हटलं, तुम्ही माझी सहावी.

खुर्च्या अनेक असल्या की मात्र गणित बदलतं, आणि इथेच भले भले घसरतात. मीही घसरले. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

नाशिकरोडला, स्टेशनापासून थोडं आत, चिंचबन नावाची नोकरदारांची वसाहत होती. बसक्या घरांच्या पाच ओळी. एकूण घरं एकशे वीस. वसाहतीचं रहिवासी मंडळ होतं आणि त्याची पाच जणांची समिती. समिती म्हणजे दिवाबत्ती, गणपती, आणि मुख्य म्हणजे पाण्याच्या नळाची किल्ली. टाकी पहिल्या ओळीच्या डोक्याशी. रोज सकाळी पाणी सुटायचं ते पहिल्या ओळीपासून. पाचव्या ओळीला पोचेपर्यंत त्याची करंगळीएवढी धार व्हायची, आणि पाऊण तासात तीही बंद. पाचव्या ओळीत सव्वीस घरं, बहुतेक सगळी बौद्ध कुटुंबं. कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, कुणी कारकून. पण समितीवर त्यांचा माणूस एकदाही आला नव्हता. कारण मतदानाची रीत अशी की घरटी एका माणसानं पाच नावांवर खुणा करायच्या. उरलेल्या चार ओळींतली चौऱ्याण्णव घरं निकम अप्पांच्या पॅनलला पाचही खुणा करून मोकळी. सव्वीस माणसं कितीही एकजुटीनं उभी राहिली तरी चौऱ्याण्णवापुढे काय करणार?

पाचव्या ओळीतले साळवे एक दिवस माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. ते रेल्वेडाकेत सॉर्टर होते. गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं गावोगावच्या खणांत टाकायची, हे त्यांचं काम. बारीक अंगाचे, पांढराशुभ्र शर्ट, आणि बोलणं अगदी मोजकं.

“बाई, कायद्यात अशी एक पद्धत आहे म्हणे, जिच्यात थोड्या लोकांनाही त्यांच्या मानानं जागा मिळते.”

“आहे की! प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात.”

“मग आमच्या मंडळाला ती लागू करता येईल का? आम्हाला पाचही जागा नकोत. एक पुरे. किल्ली कधी फिरते एवढं कळलं तरी बास.”

मी म्हटलं, अध्यक्षांना घेऊन या. आठवड्यानं ते खरंच निकम अप्पांना घेऊन आले. अप्पा म्हणजे धिप्पाड गडी, मूळचे इगतपुरीकडचे, भातशेतीतून नोकरीत आलेले. आवाज असा की बोलायला लागले तर पलीकडच्या शाखेतल्या बायका खिडकीशी यायच्या. पण मनानं वाईट नव्हते. म्हणाले, “ताई, लोक उगाच म्हणतात अप्पा सगळं एकटाच खातो. करा काय ते पसंती-बिसंती. माझी ना नाय.”

मी उत्साहानं मंडळासाठी ठरावाचा मसुदा लिहायला घेतला. पुस्तकातलं वाक्य असं होतं : ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वानुसार, एकल संक्रमणीय मताद्वारे.’ आमचा शिपाई शिवराम टेबलाशी उभा होता, त्यानं डोकावून मोठ्यानं वाचलं, “एकल संक्रांतीय मत.” अप्पा इतके हसले की खुर्ची करकरली. “अहो ताई, हे मी वसाहतीत वाचून दाखवलं तर लोक तिळगूळ मागतील! जरा सोपं लिहा की.”

मलाही हसू आलं. आणि खरं सांगू? मी सुखावलेही. सरकारी मराठी सोपी करून सांगणारी म्हणून माझी ख्याती होती, आणि तिचा मला मोठा अभिमान. मी तो जडजंबाल तुकडा खोडला आणि त्याजागी लिहिलं : ‘मतदान पसंतीक्रमाने व्हावे.’ सुटसुटीत, तीन शब्दांत काम. साळवे तेव्हा माझ्या पेनाकडे बघत होते. म्हणाले, “बाई, यात सगळं आलं ना?” मी म्हटलं, “सगळं आलं.”

वसाहतीच्या सभेत ठराव मंजूर झाला. होताना कुणीतरी त्याला शेपूट जोडलं : ‘मतमोजणी प्रत्येक जागेसाठी स्वतंत्रपणे करावी.’ अप्पांनी ते मुद्दाम घातलं की दिसायला नेटकं म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही. मोजणीसाठी मंडळानं मलाच बोलावलं. रविवार होता. साहेबांची परवानगी काढून, शिवरामला बरोबर घेऊन मी गेले. उमेदवार सहा, जागा पाच. पॅनलचे पाच आणि साळवे.

ठराव वाचला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पण ठराव म्हणजे ठराव. कारकुनाच्या जातीला लिहिल्याबाहेर जाता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि गठ्ठे सोडले.

पहिल्या पसंत्या मोजल्या. साळवे सव्वीस. निकम अप्पा पंचवीस. पॅनलचे पुढचे दोघे तेवीस आणि एकोणीस. मग देवरे पंधरा आणि शेवटी भावसार बारा. साळवे सगळ्यांच्या पुढे! पाचव्या ओळीची माणसं दारात उभी होती, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. एका म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. ती साळव्यांची आई.

मग मी ठरावाप्रमाणे पुढे गेले. पहिल्या जागेला निम्म्याहून जास्त, म्हणजे एकसष्ट मतं हवीत. ती कुणालाच नाहीत. शेवटचा बाहेर, त्याची मतं दुसऱ्या पसंतीला. पुन्हा शेवटचा बाहेर. पॅनलची मतं पॅनलमध्येच फिरत फिरत अप्पांच्या मागे गोळा झाली, अप्पा निवडून आले. आता दुसरी जागा. ‘स्वतंत्रपणे’ म्हणजे अप्पांचं नाव बाजूला ठेवून त्याच एकशे वीस मतपत्रिका पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. त्याच चौऱ्याण्णवांनी दुसरा माणूस निवडला. मग तिसरा. मग चौथे देवरे. पाचव्या जागेला दोघंच उरले, भावसार आणि साळवे. चौऱ्याण्णव विरुद्ध सव्वीस.

म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त लोकांनी पहिली पसंती दिली ते पडले, आणि सगळ्यांत कमी लोकांनी दिली ते भावसार निवडून आले. मी निकाल वाचला. सगळं नियमानं, सगळं आकड्यांत, एक चूक काढून दाखवावी कुणी! दारातली माणसं काही न बोलता निघून गेली. त्यांच्यात आरडाओरडा झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

साळवे तेवढे थांबले. मी गठ्ठे पाकिटात घालून त्यावर लाख ओतत होते. ते हळूच म्हणाले, “बाई, एक विचारू? आम्ही गाडीत एक पत्र एकाच खणात टाकतो. पत्र एकच असतं, एकाच गावाला जातं. तुम्ही यांची चौऱ्याण्णव पत्रं पाच-पाच खणांत टाकलीत. आमची मात्र एकाही खणात पोचली नाहीत.”

माझा हात तसाच राहिला. लाख टेबलावर सांडली.

‘एकल’ म्हणजे हेच होतं! एकच मत. कामाला आलं की संपलं. ज्याला निवडून यायला जेवढी लागतात तेवढी त्याच्यापाशी थांबायची, आणि जास्तीची तेवढी पुढे सरकायची. ‘संक्रमणीय’ म्हणजे ते सरकणं. पुस्तक लिहिणाऱ्यानं एक शब्द उगाच घातला नव्हता. मी तिळगुळाच्या विनोदावर हसले आणि साळव्यांची जागाच खोडून टाकली. मतपत्रिका दोन्ही पद्धतींत हुबेहूब तीच, तेच एक, दोन, तीन. फरक सगळा मोजणीत. नवरा निवडायचा तर पसंती विचारावी, पण पंगतीत वाढायचं तर सगळ्यांचा वाटा पाहावा लागतो. मी पंगतीला बसलेल्या सव्वीस माणसांना पसंती विचारली आणि उपाशी उठवलं होतं.

लाज वाटली, दुसरं काय? घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, “तुझी चूक कुणाला कळली नाही ना? मग झालं.” मी म्हटलं, “साळव्यांना कळली की.” हे हातातली पेन्सिल ठेवून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “मी मास्तर आहे. फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं तर पुसून पुन्हा लिहावं लागतं. तेही वर्गासमोरच.” ड्रॉइंग मास्तरही कधी कधी शहाणं बोलतात.

मी मंडळाला पत्र लिहिलं. ‘ठरावाचा मसुदा मी केला होता. त्यातून मी एक महत्त्वाचा शब्द गाळला. त्याचा परिणाम काय झाला ते सभेपुढे दाखवण्याची संधी द्यावी.’ माझ्या आयुष्यात मी हजारो पत्रं लिहिली, पण सही करण्याआधी शब्द न् शब्द पुन्हा वाचला तो या एकाच पत्राचा. अप्पा कचेरीत आले. “ताई, निकाल लागला, हार घातले, आता कशाला उकरता?” मी म्हटलं, “अप्पा, निकाल बदला असं मी म्हणत नाही. फक्त बघायला या. घाबरता का?” अप्पांना घाबरता का म्हटलं की ते यमाच्या दारातही जातील. सभा ठरली.

पुढच्या रविवारी सकाळी वसाहतीच्या मैदानात सतरंज्या पडल्या. पाचही ओळी आल्या होत्या. पाचवी ओळ नेहमीप्रमाणे मागे बसली. देवरे सुरुवातीलाच उठून ओरडले, “ही काय सर्कस आहे? हरलेल्यांचे हे चोचले!” मी त्यांना बसायला सांगितलं आणि अप्पांकडे वळले.

“अप्पा, तुमच्या गावी भाताला पाणी कसं देतात? या लोकांना सांगा की जरा.”

अप्पा खुलले. “त्यात काय सांगायचं? डोंगरउताराला खाचरं असत्यात, एकाखाली एक. पाणी येतं ते आधी वरच्या खाचरात.”

“वरचं भरल्यावर?”

“भरलं की बांधाला खाच पाडायची. पाणी खालच्यात. ते भरलं की त्याच्या खालच्यात.”

“आणि वरच्यानं खाच पाडलीच नाही तर? सगळं पाणी आपल्याकडंच ठेवलं तर?”

“असं कसं ठेवील? त्याचंच रोप कुजल की! आणि खालच्याचं सुकलं तर गाव त्याच्या दारात पाणी प्यायला थांबायचं नाय. लय वंगाळ काम ते.”

मी म्हटलं, “अप्पा, मी तुम्हाला गेल्या रविवारी अगदी तसंच वरचं खाचर करून ठेवलं. एकदा भरलं, दोनदा भरलं, पाचदा भरलं. खाच पाडायचं मीच विसरले.”

अप्पा सतरंजीवरून उठून पुढे आले. मग ते म्हणाले, “दाखवा.”

सहाही उमेदवारांच्या संमतीनं पाकिटं फोडली. बायकांनी घरातून सहा पराती आणून मांडल्या, त्यांवर खडूनं नावं लिहिली. मी सांगितलं, “पाच खुर्च्या, एकशे वीस मतं. एकवीस मतं झाली की खुर्ची पक्की. कारण एकवीस-एकवीस मतं फक्त पाचच जणांना मिळू शकतात, सहाव्याला उरतच नाहीत. म्हणजे बांधाची उंची एकवीस. मोजा.”

शिवराम मोठ्यानं मोजत होता. साळव्यांच्या परातीत सव्वीस. खुर्ची पक्की. अप्पा पंचवीस, पक्की. तेवीसवाले, पक्की. आता बांधावरचं पाणी खाली. साळव्यांची पाच मतं जास्तीची. ती नेमकी कुठली पाच, असं उचलून चालत नाही. सगळ्या सव्वीस मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंत्या बघायच्या आणि प्रत्येक मताचा थोडा थोडा भाग पुढे सरकवायचा. त्यासाठी आम्ही एका मताचे शंभर भाग धरतो. हे ऐकून मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, “अरारा, मताचीबी चटणी केली,” आणि सगळं मैदान हसलं. मी पाटीवर हिशेब मांडला. अप्पांचं जास्तीचं पाणी गेलं चौथ्या माणसाला, तो एकवीसच्या वर. साळव्यांचं बहुतेक सगळं गेलं एकाच परातीत. देवऱ्यांच्या.

देवरे उठून परातीशी आले. “मला कुणी दिली ही?”

“पाचव्या ओळीनं. तुम्ही त्यांची दुसरी पसंती आहात.”

“मी? का म्हणून?”

मागून साळव्यांच्या आईचा आवाज आला, “तुझी बायको आमच्या सुनांना तुमच्या नळावर हंडा भरू देती, बाबा. तू ऑफिसात गेल्यावर.”

देवऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराचं टोक बघत बसली होती. देवरे परातीपाशीच मांडी घालून बसले.

तेवीसवाल्यांचं आणि चौथ्याचं जास्तीचं पाणीही खाली आलं तेव्हा देवरे एकवीसच्या वर गेले, शेवटी भावसारांची परात तेवढी पोचली नाही. साळवे आत, भावसार बाहेर. मतपत्रिका त्याच, माणसं तीच, त्यांनी लिहिलेले आकडे तेच. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “खरा निकाल हा होता. तो मी त्या दिवशी दिला नाही, कारण एक शब्द मला जड वाटला. चूक मंडळाची नाही, माझी आहे. साळवे, मला माफ करा.”

अप्पांनी एकेक परात वाकून पाहिली. नियमानं जुना निकाल कायम होता, त्यांना काहीच करायची गरज नव्हती. तेवढ्यात भावसार उठले. जाडजूड, हसतमुख, वसाहतीत त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. म्हणाले, “अप्पा, मला मीटिंगला झोप येते हे तुम्हाला माहीत आहे. माझं नाव तुम्हीच टाकलंत. आमच्या घरचं मत बायकोनं टाकलं, तिनंसुद्धा मला तिसरी पसंती दिलीय, तिनंच सांगितलं. मी राजीनामा देतो. जागा ज्याची त्याला द्या.”

हशा पिकला. अप्पाही हसले, आणि मग उठून मागे गेले. पाचव्या ओळीत बसलेल्या साळव्यांचा हात धरून त्यांना पुढच्या सतरंजीवर आणून बसवलं. म्हणाले, “रिकाम्या जागी साळवे. कुणाची हरकत? नाय ना? आणि ताई, ठरावात ते तुमचे शब्द घाला आता. सगळेच्या सगळे. लोकांनी तिळगूळ मागितला तर मी वाटीन.”

त्यानंतर दर संक्रांतीला कचेरीत माझ्या टेबलावर तिळगुळाचा डबा यायचा. वर अप्पांच्या अक्षरात ‘एकल संक्रांतीय’ लिहिलेलं. शिवराम अर्धा डबा खायचा आणि म्हणायचा, मीच बरोबर वाचलं होतं.

पुढची निवडणूक तीन वर्षांनी झाली. तोवर ऐंशीचं दशक लागलं होतं. या वेळी ठरावात प्रत्येक शब्द जागेवर होता आणि मोजणी खाचराप्रमाणे झाली. साळवे पहिल्याच मोजणीत आले. काम आटोपल्यावर ते म्हणाले, “बाई, चहाला घरी चला. तुम्ही आमच्या ओळीत कधी आला नाहीत.” खरंच की! ज्यांच्यासाठी एवढं रामायण झालं त्यांच्या दारात मी एकदाही गेले नव्हते.

मी त्यांच्या ओटीवर बसले. समोर नळ, संध्याकाळचं पाणी नुकतं सुटलेलं. मी साळव्यांना विचारलं, “किल्ली तुमच्याकडे आहे म्हणे आता? मग पहिलं पाणी तुमचंच असेल.”

“नाही हो. पाळी लावलीय. रोज एका ओळीचा पहिला नंबर. आज आमचा आहे. उद्या आम्ही पुन्हा शेवटचे.” ते हसले. “पण शेवटच्यालाही पुरतं, बाई. वरच्यांनी भरलं की बंद करायची सवय लागली ना, मग पुरतं.”

सून कपबशा घेऊन बाहेर आली. नळाखालचा पिंप काठोकाठ भरला होता आणि पाणी ओसंडून ओटीच्या दगडावरून वाहत होतं. साळवे चटकन उठले आणि नळ बंद करायला वाकले. आतून म्हातारीचा आवाज आला.

“बंद नको करू रे, थांब! लिंबाला दारं धर आधी, पाणी तिकडं वळव.”

कुंपणापाशी कमरेएवढं लिंबाचं रोप होतं. साळव्यांनी पायानं मातीत खाच पाडली. पाणी वळलं आणि रोपाच्या आळ्यात जाऊन थांबलं. म्हातारी दारात आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “आमच्या खाली कोण घर नाय ना बाई. मग आपलं जास्तीचं द्यायचं कुणाला?”

मी चहा प्यायले. आळं भरेपर्यंत तिथंच बसून राहिले.